दादाच्या घड्याळाची घुंडी

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (अष्टांगांपैकी दोन गुडघे आणि कंबर यांनी हल्ली असहकार पुकारला आहे, तरी उरलेल्या अंगांनी केलेला गोड मानून घ्यावा.) इकडे सर्व ठीक. तुझी झोप, वहिनींचा खांदा आणि तुमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचं गाणं, यांपैकी काय काय सुधारलं ते कळव. हिची तब्येत उत्तम आहे, आवाजही उत्तम आहे. फोनवर मी दर वेळी "घड्याळाचं काम चालू आहे" एवढंच सांगून घाईघाईने वहिनींची चौकशी करायला लागतो, त्याचं कारण या पत्रात सविस्तर आहे. फोनवर ते सांगण्यासारखं नव्हतं, कारण फोनवर तू मध्ये मध्ये हसतोस. पत्रात तुला हसायचं तितकं हस, मला ऐकू येणार नाही.

हे सगळं सुरू झालं तुमच्या स्वयंपाकघरात. मागे मी आलो होतो तेव्हाची गोष्ट. सकाळी चहाच्या वेळी वहिनी तुझ्या घड्याळाला चावी देत होत्या आणि तू तोंड खिडकीकडे फिरवून, मनगट पुढे करून बसला होतास, नखं कापून घेणाऱ्या पोरासारखा. तुझ्या हाताला कंप सुटल्यापासून वहिनी कप अर्धाच भरतात, शर्टाची बटणं त्याच लावतात, आणि हे सगळं तू हसण्यावारी नेतोस, हे मी पाहिलं आहे. पण घड्याळाच्या वेळी तू हसत नव्हतास. मी आपला शहाणपणा करून म्हणालो की बॅटरीचं घड्याळ घे, चावीची कटकटच नको. त्यावर तू म्हणालास, "मग सकाळी उठून मी करायचं काय?" या प्रश्नावर मी बराच विचार केला. (गाडीत, परत येताना. तिथल्या तिथे मला कधीच काही सुचत नाही, हे तुला ठाऊकच आहे.) तेव्हा माझ्या लक्षात आलं की चावी देण्याची ती बाजूची घुंडी मसुरीच्या दाण्याएवढी आहे, म्हणून ती तुझ्या बोटांत टिकत नाही. तिच्या जागी चांगली ऐसपैस घुंडी बसवली, तर हात थरथरला तरी घुंडी निसटणार नाही, आणि तुझ्या घड्याळाला तूच चावी देशील. "साफ करून आणतो" म्हणून मी ते घड्याळ तुझ्याकडून मागून घेतलं ते याचसाठी. साफसफाई हा निव्वळ बहाणा होता.

आता तू विचारशील, दुकानात का नाही दिलं? दुकानात दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत झालं असतं, हे मलाही समजत होतं. पण तुझं काम आहे, ते परक्याने करावं हे मनाला पटेना. शिवाय सगळा जन्म पाणीपुरवठा खात्यात काढलेला, माणूस आत शिरेल एवढ्या नळांचे व्हॉल्व्ह फिरवलेले. घुंडी ही शेवटी घुंडीच, लहान काय आणि मोठी काय, असा माझा समज होता. निवृत्त माणसाला रिकामा वेळ आणि समज या दोन गोष्टींची ददात नसते.

सुरुवात मी हत्यारांपासून केली. बाजारात एक तयार डबा मिळाला, आत लाल मखमल आणि मखमलीत खोचलेली हत्यारंच हत्यारं. त्यांतली निम्मी कशासाठी आहेत हे दुकानदारालाही माहीत नव्हतं, पण ती चकाकत होती आणि मी भुललो. घरी येऊन अडगळीतलं एक मुकं घड्याळ सरावाला घेतलं. पहिल्याच स्क्रूवर स्क्रूड्रायव्हरचं टोक गोळीच्या कागदासारखं पिळलं गेलं आणि स्क्रू जागचा हलला नाही. चिमट्याची दोन टोकं समोरासमोर येण्याऐवजी एकमेकांना ओलांडून पुढे जायची, जणू भांडण झालंय. मागचं झाकण उघडायच्या चाकूने झाकण सोडून माझा अंगठा उघडला. डोळ्याला लावायचं भिंग भुवई आणि गालाच्या चिमटीत धरून ठेवायचं असतं. मी जरा कुठे चकित झालो की ते टपकन चहात पडे, आणि या कामात माणूस सारखा चकित होत असतो. एकदा भिंग लावलेलंच विसरून मी दार उघडलं, तर टपालवाला पत्र न देताच दोन पायऱ्या मागे सरला. हिने हे सगळं पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं की दादांना या प्रकाराची कल्पना आहे का.

म्हणून मी शिकवणी लावली. बाजाराच्या गल्लीत जिन्याखाली एका बाईंचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. बाई फटकळ आहेत, आणि आपल्या कामाचं कौतुक त्या स्वतःच करून टाकतात, गिऱ्हाइकाला तेवढी तसदी पडू देत नाहीत. दुकानातलं प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवतं. विचारलं, तर म्हणाल्या, बरोबर चालतात ती लोक घेऊन जातात. माझा मखमली डबा उघडून त्यांनी कौतुकाने विचारलं, "नातवंडाचा का?" आणि त्यातला हवा मारायचा रबरी फुगा तेवढा बाजूला काढून बाकी डबा मिटून परत दिला. मग त्यांनी मला हत्यार कसं निवडायचं ते शिकवलं, आणि दादा, हा भाग मी गमतीने लिहीत नाही. स्क्रूच्या खाचेत पातं असं बसलं पाहिजे की वरून जोर द्यावाच लागू नये. जोर द्यावा लागला की समजायचं, पातं चुकलं. तिथे थांबायचं, दुसरं पातं घ्यायचं. आमच्या खात्यात याच्या बरोबर उलटं होतं. व्हॉल्व्ह फिरला नाही की पान्याला लांब पाइप जोडायचा, तरी नाही फिरला की दोन माणसं लटकायची. मी तसाच वाढलो. घरातही कुठे काही अडलं की मी आधी जोर लावला, मुलांच्या अभ्यासाला लावला, हिच्याशी वाद घालताना लावला. पातं चुकलं असेल हे कधी मनातच आलं नाही. तू मात्र पहिल्यापासून न लटकता काम करणारा. तेव्हा मला तो तुझा आळस वाटायचा.

नवी हत्यारं बाईंनी मोजकीच घ्यायला लावली. दोन-तीन चांगली पाती, एक चिमटा, घड्याळाचं यंत्र धरून ठेवणारा छोटा शिकंजा, आणि झाकण उघडायला एक बोथट चाकू. (बोथट शब्दावर त्यांनी माझ्या अंगठ्याकडे बघत जोर दिला.) तरी माझे स्क्रू चिमट्यातून उडतच राहिले. मी म्हटलं, चिमटा फार गुळगुळीत आहे, खरखरीत घेतला. तो फार ताठ निघाला. मऊ पितळेचा घेतला. मग मला स्टूल उंच वाटायला लागलं, मग टेबल ठेंगणं वाटायला लागलं, मग उजेड चुकीच्या बाजूने येतोय असं वाटलं आणि ते सगळं मी बदललं. (अक्षर जरा वाकडंतिकडं आलं असेल, पेन नवीन आहे.) बाई म्हणाल्या, उडालेला भाग जमिनीवर जाऊ नये म्हणून टेबलाच्या कडेला एक फडकं टाचायचं आणि त्याचं दुसरं टोक कमरेला बांधायचं, म्हणजे पडेल ते मांडीवर पडेल. युक्ती नामी आहे. फक्त दाराची घंटा वाजली की ताडकन उठायचं नसतं, हे त्यांनी सांगायला हवं होतं. मी उठलो, माझ्याबरोबर फडकं उठलं, फडक्याबरोबर ज्याला ते टाचलं होतं तो टेबलाचा खण बाहेर आला, आणि सरावाचं घड्याळ चाकाचाकाने घरभर पसरलं. दारात ही होती, किल्ली विसरली म्हणून. अजूनही केर काढताना तिला एखादं दातेरी चाक सापडतं आणि ती ते माझ्या ताटाशेजारी ठेवते.

एवढं झाल्यावर खरं तर मी तुझ्या घड्याळाला हात लावायला नको होता. पण तू फोनवर विचारलंस, "झालं का रे?" आणि त्या विचारण्यात नेहमीची थट्टा नव्हती. मनगट मोकळं वाटतंय, असंही म्हणालास. मग मला राहवेना. तुझं घड्याळ शिकंज्यात बसवलं, झाकण न ओरखडता उघडलं. (होय, न ओरखडता. भिंग लावून पाहिलंस तरी चालेल.) घुंडी काढायची म्हणजे ती ज्या बारीक दांडीला लावलेली असते ती दांडी बाहेर काढायची, आणि त्यासाठी आतला एक स्क्रू थोडासा सैल करायचा. थोडासा. बाईंनी हा शब्द दहादा सांगितला होता. पण आमच्या खात्यात बोल्ट सैल करणे म्हणजे तो पूर्ण काढून हातात घेणे. सवय बोटांत असते, कानांत नसते. मी फिरवत गेलो, दांडी अलगद बाहेर आली, मी "शाबास" म्हणालो, आणि त्याच क्षणी आत काहीतरी टक् करून जागचं सुटलं आणि स्क्रू हवेत गेला.

स्क्रू शोधायला मी काय केलं असेल? नळाच्या खड्ड्यात नट पडला की आम्ही दोरीला बांधलेलं लोहचुंबक सोडून तो वर काढायचो. ते चुंबक निवृत्त होताना मी आठवण म्हणून मागून घेतलं होतं, चांगलं मुठीएवढं आहे. ते काढलं आणि टेबलावरून, शिकंज्यावरून, उघड्या घड्याळावरून सावकाश फिरवलं. खूप काही मिळालं. हिच्या हरवलेल्या टाचण्या मिळाल्या, एक सुई मिळाली, एक केसांचा आकडा मिळाला आणि चक्क तो स्क्रूही मिळाला. मी इतका खूश झालो की हिला हाक मारून दाखवलं. मग घड्याळाकडे पाहिलं, तर ते वेड्यासारखं धावत होतं. आतलं हलतं चाक नेहमी सावकाश डुलतं, ते घाबरल्यासारखं थरथरत होतं. दादा, त्याच्याकडे बघवेना. आपण मोडलं, तुझं घड्याळ आपण मोडलं, असं वाटून मी टेबलाशी बसून राहिलो. हिने न मागता चहा आणून ठेवला, त्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समज.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेलो. चुंबकाचं ऐकून त्या आधी हसल्या, मग शेजारच्या शिंपीकाकांना बोलावून आणून त्यांनाही ऐकवलं, मग पुन्हा हसल्या. आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकाने भारली गेली की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळतं. उपाय किरकोळ होता. एक निळी डबी, तिचं बटण दाबायचं आणि घड्याळ तिच्यावरून हळूच वर न्यायचं. झालं, चाक पुन्हा आपलं डुलायला लागलं. माझा रात्रभर टांगलेला जीव त्यांनी एका बटणावर परत दिला. पण जो भाग टक् करून सुटला होता, तो बसवायला काटे आणि तबकडी काढावी लागली, आणि ते सगळं त्यांनी मला करायला लावलं. मी चिमटा चांगला नाही म्हणालो, त्यांनी स्वतःचा दिला. मी स्टूलबद्दल बोलायला लागलो, त्या उठल्या आणि मला आपल्या खुर्चीवर बसवलं. मग त्या तबकडीकडे न बघता बराच वेळ माझ्या मनगटाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हत्यारं बदलून झाली. आता काय बदलणार?" मी म्हणालो, दिवा. त्यांनी दिवा जवळ ओढला. मग एरवीचा फटकळपणा सोडून म्हणाल्या की मनगट टेबलाच्या कडेवर टेकवा, श्वास सोडा, आणि सोडलेल्या श्वासात स्क्रू उचला. तसं केल्यावर जमतं. तुलाही सांगून ठेवतो, बटणं लावताना करून बघ.

मोठी घुंडी निवडणं हा आणखी एक प्रकार. बाईंनी पहिली घुंडी नुसत्या नजरेने निवडली आणि बसलीच समजा म्हणाल्या. ती बसली नाही, तिचे आटे दांडीपेक्षा मोठे निघाले. त्यात घुंडी बनवणाऱ्याची चूक होती, दांडीची होती, त्या दिवशीच्या हवेचीही होती, बाईंची तेवढी नव्हती. दुसऱ्या खेपेला मी दांडीच बरोबर नेली. मग मिळाली ती घुंडी जाड आहे, तिच्या कडेला ठसठशीत खाचा आहेत, आणि दिसायला, खरं सांगायचं तर, जरा ढोबळच आहे. वहिनी म्हणतील की घड्याळाला नाक आलं. येऊ दे. बसवल्यावर मी तिची परीक्षा घेतली. गरम भांडी उचलायचा हिचा जाड हातमोजा घातला आणि चावी देऊन पाहिली, जमली. ओल्या बोटांनी दिली, जमली. हात हलता ठेवून दिली, तरी घुंडी निसटली नाही. ती फिरताना करकर असा जो बारीक आवाज येतो तो मी इतक्या दिवसांत इतक्या वेळा ऐकला, तरी मला पुरेसा वाटत नाही. तू रोज सकाळी हे करायचास, ते का सोडवत नव्हतं ते मला आता कळलं. दिवस आपण सुरू केला असं वाटतं. एवढीशी गोष्ट आहे, पण ती दुसऱ्याने केली की दिवस दुसऱ्याचा होतो.

घड्याळ या पत्राबरोबरच पाठवतो आहे, कापसात गुंडाळून. चावी न देता पाठवलं आहे. पहिली तूच द्यायची आहेस. वहिनींना माझा नमस्कार, हिचा दोघांना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. १: हे वहिनींसाठी. दादा चावी देताना चुकला, वेळ लावला, चिडला, तरी तुम्ही हात पुढे करायचा नाही. चहा गार होऊ द्यावा. एवढं माझ्यासाठी करा.

ता. क. २: वहिनी, पत्र तुम्ही मोठ्याने वाचून दाखवत असाल, तर इथे थांबा आणि कागद दादाच्या हातात द्या. पुढचं त्याच्यापुरतंच आहे. अक्षर मोठं काढलं आहे, कागद हलला तरी त्याला वाचता येईल.

दादा, वर हत्यारांना बरंच बोललो आहे. त्यांचा काही दोष नाही. पहिला चिमटाही बरा होता आणि स्टूलही बरंच होतं. घुंडी मी बसवली असं लिहिलं, पण शेवटचा स्क्रू बाईंनी फिरवला, कारण त्या दिवशी श्वास सोडूनही मला जमेना. उजवा हात. काम करताना कमी, नुसता मांडीवर ठेवला की जास्त. अंगठा आणि बोट आपोआप एकमेकांवर घासत राहतात, चावी देत असल्यासारखे. हिला अजून सांगितलेलं नाही. पेपर वाचताना मी हल्ली हात उशीखाली ठेवतो आणि ही विचारते, गारठा लागतोय का. डॉक्टरकडे अजून गेलो नाही. मला भीती वाटते, आणि तसं म्हणायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

तुझं कसं सुरू झालं ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही. आता विचारतो. आधी वहिनींना सांगितलंस की आधी डॉक्टरकडे गेलास? सांगताना कुठे बसला होतास, पहिलं वाक्य काय म्हणालास? मला ते वाक्य लिहून पाठव, मी तेच वापरीन. लहानपणी डोहात आधी तू उतरायचास, आणि मी काठावर कपडे सांभाळत उभा राहून ओरडून विचारायचो. अजूनही काठावरच उभा आहे.

दादा, पाणी किती आहे?